दिवेआगर ते रत्नागिरी, सागरी रस्त्याने

पहिल्यांदाच जाताय तर गोव्यापर्यंतचा हट्ट सोडा, दिवेआगर ते रत्नागिरी एवढंच धरा. मॅपवरच्या किलोमीटरवर विसंबू नका. वळणं आणि खाड्या सगळा हिशोब मोडतात.

या वाटेवर तीनदा फेरीबोट लागते: बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. शेवटच्या बोटीची वेळ आधीच विचारून ठेवा. ती चुकली की अंधारात लांबचा वळसा ठरलेला. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा. खलाशी 'अजून मागे, अजून मागे' म्हणत राहतो, मुकाट ऐकायचं. त्याला जागेचा अंदाज आपल्यापेक्षा बरा असतो.

शेखाडीजवळ रस्ता अगदी पाण्याला लागून जातो, तिथे घाई नको. हर्णैला संध्याकाळी पोहोचा: बंदरावर माशांचा लिलाव, समोर सुवर्णदुर्ग. चपला मात्र जुन्या घाला, सगळीकडे चिखल आणि खवलं. हेदवीची बामणघळ, म्हणजे खडकातली अरुंद भेग जिच्यातून लाटेचं पाणी उंच उसळतं, भरतीच्या वेळी बघण्यात मजा आहे, पण ओल्या खडकावर पुढे सरकू नका. गणपतीपुळ्याला दर्शन घ्या, समुद्रात पोहायचं नाही. तिथली ओढ वाईट. आरे-वारेचे किनारे उन्हं कलताना बघा.

पेट्रोल श्रीवर्धन, दापोली, गुहागर दिसेल तिथे भरा. घरगुती खाणावळीत जेवायचं तर सकाळीच फोन करा, आयत्या वेळी मोदक मिळत नाहीत.