आजोबांच्या पेटीतली निळी बाटली

प्रश्न : माझे आजोबा कंपाउंडर होते. त्यांच्या लोखंडी पेटीत एक गडद निळी सहा बाजूंची बाटली सापडली, अंगावर उभ्या रेघा आणि काचेतच इंग्रजीत उठावदार अक्षरं, 'नॉट टु बी टेकन'. दुसरी साधी पांढरी आहे, तिला कडेने कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलीये. किती जुन्या असतील? आणि निळीत खोबरेल ठेवलं तर चालेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : खोबरेलाचं आधी सांगते, अजिबात ठेवू नका! ती विषाची बाटली आहे, अक्षरांचा अर्थच 'पोटात घ्यायचं नाही'. आत काही उरलं असेल तर बूच उघडून वास पण घेऊ नका.

या बाटल्या मुळात इंग्लंडच्या. तिकडे औषध आणि विष घरात एकाच कपाटात असायचं, रात्री मेणबत्तीच्या उजेडात लेबल काय दिसणार, मग चुकून भलतीच बाटली तोंडाला लागायची आणि माणसं जायची. 1868 च्या फार्मसी कायद्याने लेबलवर 'पॉयझन' लिहिणं सक्तीचं केलं, पण अंधारात लेबल काय कामाचं, म्हणून बाटलीलाच रेघा आणि कोपरे दिले, की हात लागताच कळावं. डोळे मिटून तुमच्या बाटलीवरून बोट फिरवून बघा, मला तर ही युक्ती फार म्हणजे फारच आवडते. निळा रंग कोबाल्टचा.

वय बघायचं तर बाजूची साच्याची रेघ (साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उमटणारी) बोटाने वर वर शोधत जा. मानेपाशीच संपली तर तोंड हाताने घडवलेलं, थेट ओठावरून गेली तर मशीनची. अमेरिकेत मायकेल ओवेन्सचं पूर्ण ऑटोमॅटिक मशीन आलं 1903 च्या सुमारास, म्हणजे मशीनची असेल तर बहुधा त्याच्या नंतरची. हाताने तोंड घडवणं मात्र नंतरही काही वर्षं चालूच होतं, त्यामुळे नेमकं साल काढायच्या मागे लागू नका.

पण खरं सांगू का, मला तुमची पांढरी बाटलीच जास्त मोलाची वाटते. आपल्याकडे पेशंट घरूनच रिकामी बाटली घेऊन यायचे, कंपाउंडर त्यात मिक्श्चर भरून कागदाची पट्टी कातरून चिकटवायचे, एक खाच म्हणजे एक डोस. निळ्या बाटल्या बाजारात मिळतात हो, ही पट्टी मात्र आजोबांच्या कात्रीची असणार. ती बाटली पाण्यात घालू नका, कोरड्या मऊ फडक्यानेच पुसा, आणि पट्टी सुटायला लागली असेल तर सेलोटेप तर मुळीच लावू नका, त्याचा डिंक कागद पिवळा करतो.