दहावीची भूमिती पहिल्यांदा घेताय तर...

सर, जूनमध्ये पोर्शनच्या मागे धावू नका. आमच्याकडे तेव्हा असा पाऊस असतो की खाडीपलीकडची अर्धी पोरं येतच नाहीत, मग ते पहिले दिवस नववीच्या उजळणीला द्या, संगत कोन, व्युत्क्रम कोन, एकरूपता, कारण हे कच्चं असेल तर समरूपतेत कोको कसोटी (दोन कोन समान असले की त्रिकोण समरूप) नुसती घोकली जाते.

गणित भाग 2 चा, म्हणजे भूमितीचा, लेखी पेपर 40 मार्कांचा, वेळ 2 तास. हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचं, आणि तुम्हाला काय हवंय तेही स्पष्ट सांगायचं: आकृती पेन्सिलीनेच, पक्ष, साध्य, सिद्धता वेगवेगळं, आणि प्रत्येक विधानासमोर कारण. कारण नाही तर मार्क नाही, मी तरी तसंच तपासतो, पहिल्या चाचणीत रडारड होते पण होऊदे. "दिसतंयच ना सर समान" हे उत्तर हमखास येणार, तेव्हा तीच आकृती मुद्दाम वाकडीतिकडी काढून द्या आणि आता सांग म्हणा.

प्रमेयं पाठ करवून घेऊ नका, वर्तुळात तर अजिबात नको.

ऊन पडलं की वर्ग बाहेर काढा. माडाची सावली मोजायची, लगेच मीटरपट्टी उभी धरून तिचीही, आणि समरूप त्रिकोणांवरून माडाची उंची काढायची. सपाट जागा बघा मात्र, उतारावर सावली लांबते नाहीतर आखडते आणि पोरं तुम्हालाच वेड्यात काढतात. हाच माड पुढे त्रिकोणमितीत उन्नत कोनाला (वर बघताना नजर आडव्या रेषेशी करते तो कोन) परत वापरा.

रचनांसाठी कंपास घट्ट हवा, ढिल्या कंपासाने स्पर्शिका कधीच नीट येत नाही.