ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) इंटर्नशिपमध्ये रोजच्या नोट्समध्ये नेमकं काय लिहायचं?

तुम्ही विचारलंय की दिवसाला पंधरा पेशंट असतात, वेळच मिळत नाही, मग नोटमध्ये "एक्सरसाइज दिले, पेशंटने टॉलरेट केले" एवढंच लिहिलं तर चालेल का. नाही चालणार.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, जास्त करून स्ट्रोकचे पेशंट बघते. सुरुवातीला मी पण असंच लिहायचे. एका आजींचा डावा खांदा सरकलेला, हात वर नेला की दुखायचा, हे मला पाठ होतं पण फाइलमध्ये नुसतं "कंटिन्यू सेम". मी तापाने चार दिवस रजेवर गेले, माझ्या जागी आलेल्या मुलीने फाइल बघितली, त्यात काहीच नाही म्हणून पुली (दोरीने हात वर ओढायचा व्यायाम) लावली, आणि पुढे दोन आठवडे आजी त्या हाताला हात लावू देईनात. चूक तिची नाही, माझी होती.

एसओएपी (नोटचे चार भाग: सब्जेक्टिव्ह, ऑब्जेक्टिव्ह, असेसमेंट, प्लॅन) तुम्हाला शिकवलेलं असणारच. एसमध्ये पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहा, मराठीतच, आजी म्हणायच्या "परात पळती गं, मळू कशी". ओमध्ये फक्त जे दिसलं ते: बसून कणीक मळली, डाव्या हाताने परात धरली, 10 मिनिटांत 3 वेळा घसरली, खाली ओला कपडा ठेवल्यावर घसरली नाही, पाणी ओतायला मदत लागली. एमध्ये त्याचा अर्थ, की पकड कमी आहे पण दोन्ही हात एकत्र वापरायला लागल्यात. पीमध्ये उद्या काय करणार ते. एवढं लिहायला तीन-चार मिनिटं पुरतात, फक्त पुढचा पेशंट बसायच्या आत लिहा, संध्याकाळी सगळं एकदम लिहायला बसलात की कोणाची परात घसरली हेच आठवत नाही.

आणि "थोडी मदत लागली" असं मोघम नको. एफआयएममध्ये (पेशंटला किती मदत लागते ते मोजायची 1 ते 7 ची मोजपट्टी) 4 म्हणजे 75 टक्के किंवा जास्त काम पेशंटने स्वतः केलं, 3 म्हणजे 50 ते 74 टक्के, नुसतं उभं राहून लक्ष ठेवावं लागलं तर 5. महिन्याने 3 चा 4 झाला की घरच्यांना दाखवता येतं, त्यांनाही हुरूप येतो.

काही चुकलं तर व्हाइटनर लावू नका, एक सरळ रेघ मारा, खाली सही आणि तारीख.