मीटिंग तुझ्या पिण्याच्या वेळेची शोध

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

चाकणला पहिली पाळी सुटते आणि रूमवर पोहोचायच्या आत क्वार्टर घेतलेली असते, हे तू आडपडदा न ठेवता लिहिलंस ते फार बरं केलंस. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (एए), म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या संघटनेच्या, कोणत्या मीटिंगला जाऊ, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

लोक बहुतेकदा घराजवळची मीटिंग शोधतात, नाहीतर ओळखीचं कुणी भेटणार नाही अशी लांबची. मी तुला वेळ बघायला सांगेन. ज्या वेळी तुझी पावलं दुकानाकडे वळतात, त्या वेळेला जवळात जवळची मीटिंग कोणती ते आधी पाहा. सकाळी दहाला दारू सोडायचा निश्चय कुणीही करतो. तुला माणसं हवीत ती पाळी सुटल्यावर.

एएची सुरुवातच अशा एका संध्याकाळी झाली. मे १९३५. न्यूयॉर्कचा बिल नावाचा शेअर दलाल अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी कामासाठी आला होता. काही महिन्यांपूर्वीच त्याची दारू सुटली होती. काम फिसकटलं, खिशात फारसे पैसे नव्हते, आणि हॉटेलच्या लॉबीत उभा असताना बारमधले आवाज त्याच्या कानावर येत होते. त्याने चर्चच्या यादीवरून फोन करायला सुरुवात केली. मला दारू पिणाऱ्या एखाद्या माणसाशी बोलायचंय, एवढंच त्याचं मागणं होतं. त्यातून दुसऱ्या दिवशी डॉक्टर बॉबची गाठ पडली. ते सर्जन होते आणि दारूने पुरते पोखरले होते. १० जून १९३५ला बॉब शेवटचं प्यायले. संघटना तोच आपला स्थापनादिवस मानते. मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती अशी, की बिलने तलफ आली त्याच क्षणी माणूस शोधला. सवडीने शोधला असता तर कदाचित आधी बार सापडला असता.

आता तुझं. बहुतेक मीटिंगा संध्याकाळी असतात, शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये. पाळी साडेतीनला सुटते, म्हणजे मधले तीन-चार तास तुझ्यासाठी सगळ्यात अवघड. तेवढ्यासाठी फोनवरची ऑनलाइन मीटिंग बघ. बसमध्ये इअरफोन लावून नुसतं ऐकलंस तरी चालतं. पाळी बदलली की पिण्याची वेळही बदलते, म्हणून एकाच गटावर विसंबू नकोस, दोन-तीन गटांच्या वेळा लिहून ठेव. त्या कळतील एए इंडियाच्या वेबसाइटवर. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, फोनला पैसे पडत नाहीत. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता अवचटांनी पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून १९८६ साली सुरू केलेलं हे केंद्र. उपचार लागले तर तिथे जाता येईल.

त्याआधी एक गोष्ट, आणि ही ऐकच. तू रोज पितोस, सकाळी हात थरथरतात असंही लिहिलंयस. तेव्हा मीटिंगच्या उत्साहात एकदम बंद करू नकोस. अशा माणसाला अचानक सोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, पुढे भ्रम होऊ शकतो, आणि त्यात जीवही जातो. आधी डॉक्टरांना दाखव, सरकारी रुग्णालयाचा मनोविकार विभाग चालेल. किती पितोस तो आकडा खरा सांग. गोळ्या घेतोस म्हणून गटात तुला कुणी कमी लेखलं, तर त्याचं ऐकू नकोस. औषधाचं डॉक्टर ठरवतील.

फी नसते, नाव नोंदवावं लागत नाही. देणगीची टोपली फिरते, नवख्याने त्यात काही टाकायची गरज नाही. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट. ओपन मीटिंगला कुणीही येऊ शकतं, क्लोज्ड फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी. देवाचं नाव निघेल. तुझा विश्वास नसेल तर नुसता बसून राहा, कुणी हटकणार नाही. पहिल्या दिवशी बोलायलाच हवं असंही नाही.

पहिला गट कदाचित आवडणार नाही. सगळे वयाने मोठे निघतील, त्यांची मुलं तुझ्या वयाची असतील. तरी लगेच पाठ फिरवू नकोस. चार-पाच वेगवेगळ्या मीटिंगा बघ आणि मग ठरव. निघताना मात्र दोघा-तिघांचे नंबर घे. माझ्या मते मीटिंगमधली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच. फोन पिण्याच्या आधी करायचा असतो. प्यायल्यानंतर केलास तरी ते उचलतील, पण आधी कर.

हे सगळं भाबडेपणाने सांगत नाहीये. २०२०मध्ये उपचारांवरचे अभ्यास पडताळून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसांची माहिती एकत्र तपासली. एएच्या वाटेला लावणारे उपचार घेतलेल्यांत दारूपासून पूर्ण दूर राहिलेल्यांचं प्रमाण इतर रूढ उपचारांपेक्षा जास्त निघालं. सगळ्यांचीच सुटते असं नाही. पण पुन्हा प्यायलास, तरी दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगला जा. अशा दिवशी तर जाच.

आईला यातलं काय सांगायचं ते तू ठरव. घरच्यांसाठी अल-अॅनॉन नावाचे वेगळे गट असतात, तिला जावंसं वाटलं तर पत्ता मी काढून देईन.

एकट्याने आत जायला पाय धजावत नसतील तर ओपन मीटिंग निवड, मी सोबत येते. पुढच्या आठवड्यात कोणती पाळी आहे ते कळव, म्हणजे त्याप्रमाणे वार ठरवू.

तुझी,
ताई