मालवणच्या किनाऱ्यावर आमच्या वाडीत प्रार्थनागट सुरू करायचा आहे. तो कसा चालवावा?

आधी फादरांशी किंवा पाळकांशी बोलून घ्या, मगच कुणाकुणाच्या घरी जमायचं ते ठरवा. गट ८-१० जणांचाच बरा. त्याहून वाढला की चौघे बोलतात आणि बाकीचे नुसते बसून राहतात. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या १८व्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, हेच सांगतो: दहा-दहांवर माणसं नेम, सगळा भार एकट्याने वाहू नकोस.

वेळ मासेमारी बघून ठरवा. पहाटे होडी काढणारा माणूस रात्री नऊला येणार नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, नवा गट बसवायला तेव्हा सवड मिळते.

मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा, येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत ते सर्वांत छोटं आहे. एका वेळी १०-१५ वचनं, दोनदा मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही मग बोलता येतं. तुम्ही प्रवचन देऊ नका, प्रश्न विचारा.

गट मोडतो तो बहुधा भांडणाने. मत्तयाच्या शुभवर्तमानातला (१८:१५-१७) क्रम पाळा: चुकलेल्याशी आधी एकांतात बोला, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, शेवटी चर्चच्या मंडळीपुढे. वाडीत नेमकं उलटं होतं, आधी चारचौघांत चर्चा. दान दोघांनी मिळून मोजा, वहीत दोघांच्या सह्या घ्या.