खोल पाण्याच्या बाटलीत वरचं पाणी शिरतं का?

प्रश्न : गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं ‘सिंधु साधना’ हे जहाज खोल समुद्रातलं पाणी बाटल्यांत आणतं. वर येताना त्यात वरचं पाणी मिसळत नाही का?

उत्तर : झाकण नीट बसलं तर नाही. बाटल्या दोन्ही तोंडं उघडी ठेवूनच खाली जातात. सोबतचं यंत्र तापमान, क्षारता आणि दाब सतत कळवतं. ते पाहून किती खोलीवरचं पाणी घ्यायचं ते ठरतं. वर येताना त्या खोलीवर थांबायचं, अर्धा-एक मिनिट बाटलीतून पाणी खेळू द्यायचं, मगच बटण दाबून दोन्ही झाकणं बंद करायची.

घात होतो तो रबरी कड्यावरच्या वाळूच्या कणामुळे किंवा झाकणात अडकलेल्या दोरीमुळे. म्हणून डेकवर आल्यावर हवेचा स्क्रू बंद ठेवून खालची तोटी उघडावी. धार लागली की बाटली गळकी! तो नमुना बाद करावा, मोह धरू नये. अरबी समुद्रात काहीशे मीटरवर ऑक्सिजन जवळपास शून्य असतो. वरचं थोडं पाणीही आकडा बिघडवतं.

ऑक्सिजनचा नमुना आधी घ्यावा. तोटीची नळी नमुन्याच्या छोट्या बाटलीच्या तळाला टेकवावी, बुडबुडा येऊ देऊ नये, त्या बाटलीच्या दोन-तीन पट पाणी ओसंडू द्यावं आणि ऑक्सिजन बांधून ठेवणारी रसायनं लगेच घालावीत.