मिस्सेनंतर फादर दिवसभर काय करतात? एका वडिलांच्या पत्राला उत्तर

प्रश्न : माझा एकुलता एक मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यासात हुशार आहे. काही महिन्यांपासून म्हणतोय, मला सेमिनरीत (फादर घडवणाऱ्या विद्यालयात) जायचंय, धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) फादर म्हणून काम करायचंय. आम्ही कॅथलिक आहोत, दर रविवारी मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जातो, पण आपलाच मुलगा जाणार म्हटल्यावर माझी झोप उडाली. सकाळची अर्ध्या तासाची मिस्सा झाली की फादरांना दिवसभर काम काय असतं, हेही मला नीट माहीत नाही. अशा मुलानं त्यात आयुष्य घालावं का? मध्येच सोडून आला तर वर्षं फुकट, राहिला तर म्हातारपणी एकटा. त्याची आई मात्र खूश आहे. तो लहानपणी फार आजारी होता, तेव्हा तिनं त्याला देवाला वाहिलं होतं. ती म्हणते, हे होणारच होतं. आमचं पुढे कोण बघणार, हे मी अजून घरात बोललेलो नाही. मी काय करू?

उत्तर :

नमस्कार. तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी तुमच्या पत्नीच्या नवसाबद्दल बोलते, कारण तुमच्या घरातली सगळ्यात नाजूक गोष्ट मला तीच वाटते.

आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या आईनं देवाला काय कबूल केलं, याचा हिशेब कुणी मागू नये. पण तो शब्द तिचा होता, मुलाचा नव्हे. चर्चची भूमिकाही इथे अगदी स्पष्ट आहे. १९८३ सालच्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, म्हटलंय की, कोणत्याही कारणानं, कोणत्याही प्रकारे कुणालाही धर्मगुरुपदाची दीक्षा घ्यायला भाग पाडणं निषिद्ध आहे. त्याच कलमात पुढे असंही आहे की, जो पात्र आहे त्याला दीक्षेपासून परावृत्त करणंही निषिद्ध आहे. म्हणजे या एका कलमात तुम्हा दोघांनाही उत्तर मिळतं. दीक्षेआधी उमेदवाराला स्वतःच्या हस्ताक्षरात बिशपांना लिहून द्यावं लागतं की, मी हे स्वेच्छेनं स्वीकारतोय आणि आयुष्यभरासाठी स्वीकारतोय. त्या कागदावर आईच्या आनंदाला जागा नाही आणि वडिलांच्या भीतीलाही नाही. तेव्हा पत्नीला प्रेमानं सांगा की, नवसाचा विषय मुलासमोर आता काढायचा नाही. आईला वाईट वाटेल म्हणून सेमिनरीत टिकून राहिलेला मुलगा पुढे धर्मग्रामात सुखी होत नाही, आणि त्याच्याबरोबर त्याचे लोकही होत नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न : मिस्सेनंतर दिवसभर काय? तुम्ही तो जरा संकोचानं विचारलाय, पण मला तो फार मोलाचा वाटला. कारण बहुतेक मुलांना पाचारण, म्हणजे देवाची हाक, जाणवतं ते वेदीजवळ, आणि आयुष्य काढायचं असतं ते वेदीपासून दूर, आठवड्याच्या साध्या दिवसांमध्ये.

प्रमुख धर्मगुरूवर, म्हणजे धर्मग्रामाच्या मुख्य फादरांवर, बिशप एका धर्मग्रामातल्या सगळ्या माणसांची जबाबदारी सोपवतात. चर्चमध्ये येतात त्यांची आणि येणं सोडलेल्यांचीही. त्यानं घरोघरी जावं, कुटुंबांना ओळखावं, आजारी, मरणासन्न, गरीब, एकाकी आणि परागंदा झालेल्या माणसांना विशेषकरून शोधावं, अशी चर्चच्या कायद्याची अपेक्षा आहे. म्हणून मिस्सा संपल्यावर खरं काम सुरू होतं. कुणाच्या घरी मृत्यू झालाय, तिथे जायचं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर, न्यायचा. रात्री-अपरात्री हॉस्पिटलमधून फोन आला तर तैलाभ्यंगासाठी, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या विधीसाठी, निघायचं. लग्न ठरलेल्या जोडप्यांची तयारी करून घ्यायची, आणि मोडायला आलेल्या संसारातल्या दोघांना वेगवेगळं बसवून ऐकायचं. मुलांच्या धर्मशिक्षणाकडे लक्ष द्यायचं. मधल्या वेळात दिवसाच्या ठरलेल्या प्रहरांच्या प्रार्थना म्हणायच्या. दीक्षेबरोबर ते बंधन आयुष्यभराचं येतं.

एक तपशील फार कमी लोकांना माहीत असतो. प्रमुख धर्मगुरूनं दर रविवारी एक मिस्सा आपल्या धर्मग्रामातल्या लोकांसाठी अर्पण करायची असते. तिचा हेतू दुसऱ्या कुणाला देता येत नाही. आठवडाभर त्याच्याशी भांडलेली माणसंही त्या मिस्सेत येतात.

आणि भांडणं होतात. धर्मग्राम ही चर्चच्या कायद्याच्या नजरेत स्वतंत्र संस्था असते आणि प्रमुख धर्मगुरू तिचा प्रतिनिधी. इमारतीचं छप्पर, कर्मचाऱ्यांचे पगार, दानपेटीचा हिशेब, बाप्तिस्मा-विवाह-मृत्यू यांच्या नोंदवह्या, सगळं शेवटी त्याच्या टेबलावर येतं. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावीच लागते, त्यामुळे पैशाचा कारभार त्यानं एकट्यानं करायचा नसतो. पण ज्या मुलाला वाटतं की मी फक्त प्रार्थना आणि प्रवचन करीन, त्याला पहिल्याच वर्षी धक्का बसतो. तुमचा मुलगा हिशेबाच्या वहीला आणि कंटाळवाण्या बैठकीला नाक मुरडतो का, हे जरूर बघा. मुरडत असेल तर त्यानं व्रतस्थ संघांचाही, म्हणजे व्रतं घेऊन एकत्र राहणाऱ्यांच्या संघांचाही, विचार करावा. तिथे शिकवणं, संशोधन, मिशनकार्य अशा वेगळ्या वाटा असतात.

तुम्ही विचारलंय, हुशार मुलानं इथे आयुष्य का घालावं. या कामाला किती बुद्धी लागते याचा अंदाज बाहेरून येत नाही, म्हणून हा प्रश्न पडतो. रविवारच्या मिस्सेतली वाचनं तीन वर्षांच्या चक्रानं फिरतात. म्हणजे जो उतारा आज वाचला, तोच तीन वर्षांनी बहुधा त्याच माणसांपुढे पुन्हा येतो. समोर डॉक्टर बसलेला असतो, नुकतीच विधवा झालेली बाई असते, नोकरी गेलेला तरुण असतो, आणि प्रवचन एकच असतं. त्या सगळ्यांना खरं वाटेल असं काही दर रविवारी सांगायला पाठांतर पुरत नाही.

प्रायश्चित्त संस्काराबद्दल, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करून क्षमा मागण्याच्या विधीबद्दल, जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मुलं याचा विचार सगळ्यात कमी करतात. पापनिवेदनात ऐकलेलं काहीही, कुणालाही, कोणत्याही कारणानं सांगता येत नाही. ते उघडपणे फोडणारा धर्मगुरू आपोआप धर्मबहिष्कृत होतो, इतकी ती शिक्षा कडक आहे. ऐकलेलं घरी येऊन बोलायला जोडीदार नाही, मित्राला सांगायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस रस्त्यात भेटला तर नजरेतही काही दिसू द्यायचं नाही. जो मुलगा मित्रांची गुपितं सहज पोटात ठेवतो आणि त्यांच्याविषयी मनात कडवटपणा धरत नाही, त्याच्यात या कामाचा एक मोठा गुण आहे असं मी मानते. तुमचा मुलगा असा आहे का? तुम्ही त्याला वीसेक वर्षं बघताय, तुम्हाला हे कुठल्याही चाचणीपेक्षा नीट सांगता येईल.

आता वर्षांचा हिशेब. चर्चच्या कायद्यानुसार तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान (थिऑलॉजी) मिळून निदान सहा वर्षांचा अभ्यास लागतो. त्यातली दोन वर्षं तत्त्वज्ञानाची, चार ईशज्ञानाची. त्याआधी तयारीचा काळ असतो, तो एक वर्षापेक्षा कमी असू नये असं व्हॅटिकनच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक दस्तऐवजात म्हटलंय. मग डीकनची, म्हणजे धर्मगुरूच्या आधीच्या पायरीची, दीक्षा, त्यानंतर किमान सहा महिन्यांनी गुरुदीक्षा, आणि वय २५ पूर्ण झाल्याशिवाय ती सहसा देता येत नाही. प्रत्यक्षात आठ-नऊ वर्षं धरून चाला. ट्रेंट इथे भरलेल्या चर्चच्या परिषदेनं १५६३ साली प्रत्येक धर्मप्रांतात (एका बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशात) सेमिनरी असावी असं ठरवलं, ते अर्धवट तयारीचे धर्मगुरू लोकांपुढे जाऊ नयेत म्हणून. आजचा लांबलचक काळही त्याचसाठी आहे.

मध्ये सोडून आला तर? येऊ द्या. सेमिनरीचा काळ ही दोन्ही बाजूंनी पारख असते. डीकन होईपर्यंत त्यानं कोणतंही कायमचं वचन दिलेलं नसतं. अनेक जण बाहेर पडतात आणि शिक्षण, समुपदेशन, सामाजिक काम, प्रशासन अशा क्षेत्रांत चांगले रुजतात. खरा तोटा होतो तो घरी परतायची लाज वाटून पुढे जात राहिलेल्या मुलाचा. म्हणून तुमच्याकडून त्याला एक वाक्य आजच मिळायला हवं : कधीही परत आलास तरी हे घर तुझं आहे, आणि कुणी तुला कारण विचारणार नाही. हे तुम्ही म्हणालात की तो जाईलही मोकळ्या मनानं आणि राहीलही मोकळ्या मनानं.

एकटेपणाच्या भीतीवर मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. लॅटिन, म्हणजे रोमन, परंपरेतला धर्मगुरू ब्रह्मचारी राहतो. संध्याकाळी लोक आपापल्या घरी जातात आणि तो आपल्या खोलीत जातो. काही वर्षांनी बदली होते आणि जोडलेली माणसं मागे राहतात. धर्मगुरूंची संख्या कमी असेल तिथे एकाकडे दोन-तीन धर्मग्रामंही येतात. फ्रान्समधल्या आर्स या २३० च्या आसपास वस्तीच्या गावात संत जॉन व्हियानी १८१८ साली गेले आणि १८५९ साली मरेपर्यंत तिथेच राहिले. तरुणपणी त्यांना लॅटिन जमत नव्हतं, दीक्षा मिळते की नाही अशी अवस्था होती. पुढे दुरून येणाऱ्या लोकांची पापनिवेदनं ऐकत ते दिवसाचे बारा-बारा, सोळा-सोळा तास बसत. त्यांना १९२९ साली धर्मग्रामातल्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं गेलं. याच व्हियानींनी एकदा नव्हे, अनेकदा आर्स सोडून मठाच्या एकांतात निघून जाण्याचा प्रयत्न केला होता. इतका त्यांच्यावर त्या कामाचा भार होता. प्रत्येक वेळी ते परत आले. मुलाला ही गोष्ट सांगा. थकवा आला म्हणजे पाचारण खोटं होतं, असं त्याला पुढे कधी वाटू नये.

हे आयुष्य ज्यांना मानवतं, त्यांच्याजवळ काही ठरावीक गोष्टी असतात : दोन-तीन जिवाभावाचे मित्र, त्यात एखादा धर्मगुरूच, रोजची प्रार्थना, अंगमेहनतीची किंवा छंदाची एखादी सवय, आणि मदत मागायची तयारी. यातल्या मैत्रीकडे आत्ताच बघा. ज्या मुलाला माणसांची भीती वाटते, लग्न-नोकरीच्या जगातून सुटका हवी असते किंवा झग्याबरोबर येणारा मान हवा असतो, त्याला सेमिनरीत पाठवणं अन्याय आहे, त्याच्यावर आणि लोकांवरही. प्रवेशाच्या वेळी मानसशास्त्रीय मूल्यमापन होत असेल तर त्याचा राग धरू नका. ते व्हायलाच हवं. धर्मगुरूंकडून मुलांवर झालेल्या अत्याचारांनी चर्चच्या विश्वासाला खोल जखम केली आहे. अशा वेळी उमेदवाराची कसून पारख होणं ही प्रत्येक पालकाची मागणी असली पाहिजे, तुमचीही.

आता करायचं काय? त्यानं पदवी पूर्ण करावी, यावर मी ठाम आहे. पाचारण खरं असेल तर परीक्षेपर्यंत थांबेल. त्यानंतर त्यानं आपल्या प्रमुख धर्मगुरूंना विचारून काही महिने त्यांच्याबरोबर काढावेत, पण रविवारी नव्हे. मंगळवारी, बुधवारी जावं. आजाऱ्यांच्या भेटींना जावं, हिशेब लिहायला बसावं, दफनविधीनंतर त्या घरात थांबावं, बैठकीत खुर्च्या मांडाव्यात. या दिवसांनंतरही त्याचा चेहरा उजळलेला असेल तर धर्मप्रांताच्या पाचारण विभागाशी बोलणी सुरू करावीत. आणि एकदा तुम्ही स्वतः त्या फादरांकडे जा. एकटे जा. जे मला विचारलंत ते त्यांना विचारा. दिवसभर काय करता, एकटं वाटतं का, पुन्हा हेच निवडाल का. बहुतेक धर्मगुरूंना हे कुणी विचारतच नाही.

तुमचं कोण बघणार, हे तुम्ही घरात काढलेलं नाही. काढा, पण मुलाला अडवण्यासाठी नको, माहितीसाठी. धर्मप्रांतीय धर्मगुरू ब्रह्मचर्याचं आणि बिशपांच्या आज्ञापालनाचं वचन देतो. दारिद्र्याचं व्रत तो घेत नाही, ते व्रतस्थ संघांतले घेतात. त्याला साधं राहायचं असतं, पण मानधन मिळतं, स्वतःची मालमत्ता ठेवता येते, आणि आजारपण-म्हातारपणात त्याची व्यवस्था व्हावी अशी तरतूद चर्चच्या कायद्यात आहे. प्रमुख धर्मगुरूला वर्षाला एक महिन्यापर्यंत रजा मिळते. म्हणजे तो तुम्हाला भेटेल, अडीअडचणीला धावून येईल, पण रोजची सोबत देऊ शकणार नाही आणि मोठ्या खर्चाचा आधारही होऊ शकणार नाही. तुमच्या दोघांच्या निवृत्तीचं, औषधपाण्याचं नियोजन तो घरात नाही असं धरून करा, आणि केलंत की त्याला दाखवा, म्हणजे ही काळजी मनात ठेवून त्याला निर्णय घ्यावा लागणार नाही. पत्नीलाही या वेळी सोबत बसवा.